बांधावरची ओळ

बसवंतरावांच्या दुकानातून गेलेलं बी उगवलं नाही, असं झरी गावात एकदाच झालं म्हणतात. आणि त्या वेळी म्हणे गिऱ्हाइकानं बी घरी ठेवून चुकून पावतीच पेरली होती. खरंखोटं महादेव जाणे. पण चाळीस वर्षं बियाण्याचं दुकान चालवलेल्या ह्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. गावरान असतं ते आपल्या जिवावर उगवतं. हायब्रीड असतं ते मागतं. वेळेवर पाणी मागतं, वेळेवर खत मागतं. दिलं तर घर भरतं, नाही दिलं तर नुसता पाला.

म्हणून फोनवर त्रिवेणी म्हणाली, "अप्पा, माझी लवंगी साधी मांजर न्हाई, हायब्रीड हाय," तेव्हा बसवंतराव खुर्चीत ताठ झाले. किती तरी वर्षांनी लेकीनं त्यांच्या धंद्यातला शब्द काढला होता.

तशी बाप-लेकीची बोलाचाल बंद नव्हती. दर रविवारी सकाळी पुण्याहून फोन यायचा. अर्धा तास तो बायकोच्या, चन्नबसम्मांच्या कानाला असायचा आणि शेवटी, जेवणानंतर सुपारी द्यावी तसा, बसवंतरावांच्या हातात यायचा.

"तब्येत?"

"बरीय. तुझी?"

"बरीय. पाऊस?"

"उघडीप हाय."

"बरं. ठेवू?"

एवढंच. पाच दिवाळ्या झाल्या, पोर घरी आली नव्हती. सुट्टी नाही, काम फार, तिकीट मिळालं नाही. भांडण म्हणावं तर भांडणही नव्हतं. असतं तर बसवंतरावांनी ते चुटकीसरशी मिटवलं असतं. दुबार पेरणीची वेळ आली म्हणून काठी घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी चहा पाजून, वर खताचं पोतं गळ्यात मारून परत पाठवलेलं होतं. पण कधी भांडलंच नाही ते मिटवायचं कसं, हे त्यांना कोणत्याच कंपनीच्या माहितीपत्रकात सापडलं नव्हतं.

"मला सहा महिने जर्मनीला जायचंय, ऑफिसच्या कामानं," त्रिवेणी सांगत होती. "लवंगीला नेता येत न्हाई. तुमच्याकडं ठेवू का?"

"ठेव."

"पूर्ण ऐका तर आधी! तिची खापरपणजी जंगलातली होती. अंगावर बिबट्यासारखे ठिपके हायत. दिवसभर उड्या मारती. नळ उघडती, कपाट उघडती. तिला भिंतीवर चढायला फळ्या लागतात, खिडक्यांना जाळ्या लागतात. बाहेर मोकळी सोडायची न्हाई. मी वीस तारखेला येते, दोन दिवस राहते, घर बघते. जमणार असलं तर ठेवीन, न्हाई तर नाशिकला मैत्रीण हाय माझी."

एवढ्या सगळ्यातून बसवंतरावांच्या कानात दोनच शब्द शिरले. दोन दिवस.

संध्याकाळपर्यंत स्टँडवर बातमी होती की बसवंतराव बिबट्या पाळणार. दुसऱ्या दिवशी त्या बिबट्याला पुण्यात नोकरी होती आणि ती सुटली म्हणून तो गावी येत होता. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या टोकाची सुलाबाई चार कोंबड्या टोपलीत घालून पेडगावला माहेरी गेली. "गेला की सांगा," म्हणाली. कोण गेल्यावर, ते तिनं सांगितलं नाही.

बसवंतरावांचं घर स्टँडमागच्या वस्तीत. पुढं एक खोली, मागं एक, बाजूला स्वयंपाकघर, वर स्लॅब. दुकान आता बंद केलं होतं; पोरीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशात दुसरं मोठं घर बांधावं असं लोक म्हणायचे. पण पोरीनं लग्न केलं नाही आणि बसवंतरावांनी घर बांधलं नाही. ह्या घराचा एक कायदा होता, आणि तो गावभर ठाऊक होता. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला अडकवलेलं. बसवेश्वरांची तसबीर कपाटावर टेकवलेली. घड्याळ तर वर्षानुवर्षं खुर्चीत बसून होतं. पाहुणा आला की आधी घड्याळाला उठवावं लागे.

आणि त्याच बसवंतरावांनी वायरमन मुंजाजीला ड्रिल मशीन घेऊन बोलावलं.

मुंजाजीनं मशीन भिंतीला लावलं आणि परत काढलं. "शेठ, आज तब्येत बरी हाय ना?"

"भोक पाड."

"आन उद्या म्हणाल, बुजव."

"पाड म्हणलं ना!"

बंद दुकानातल्या फळ्या घरी आल्या. ज्या फळ्यांवर चाळीस वर्षं ज्वारीच्या, कापसाच्या, तुरीच्या पिशव्या बसल्या, त्या आता भिंतीवर पायरीपायरीनं चढायला लागल्या. त्यांना फवारणीच्या औषधांचा वास होता. घरात विषाचा थेंब नको, असं त्रिवेणीनं बजावलं होतं. बसवंतरावांनी माळ्यावरच्या साऱ्या जुन्या बाटल्या बाहेर काढल्या, फळ्या सात पाण्यांनी धुतल्या, उन्हात वाळवल्या, हुंगल्या, परत धुतल्या. लोक सांगतात, त्या आठवड्यात घरामागच्या नालीतला एकही डास जिवंत राहिला नाही.

चन्नबसम्मा पूजा आटोपून, कपाळावरचं भस्म तसंच, दारात येऊन उभ्या राहिल्या. भिंतीवरचा जिना त्यांनी खालून वर आणि वरून खाली पाहिला.

"आवो," त्या म्हणाल्या, "पोरीच्या झोक्याला दोन कड्या सोडल्या न्हाईत. आन मांजराला माडी चढायला जिना बांधायलात."

मशीन बंद पडलं. मुंजाजीनं ते उगीचच तपासल्यासारखं केलं. वीज होती, मशीनही ठीक होतं; बसवंतरावांनीच त्याचा हात धरला होता.

तेवीस वर्षांमागची गोष्ट. स्लॅब पडायचा होता. सळया बांधून झाल्या होत्या, सिमेंट कालवायला माणसं लागली होती, आणि अकरा वर्षांची त्रिवेणी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून ओरडत होती, "अप्पा, दोन कड्या सोडायला सांगा! झोक्याच्या!" ही पोर सातव्या महिन्यात चालली आणि आठव्यात घरातून पळाली, अशी तिची ख्याती. जागेवर बसली आहे असं तिला फक्त वर्गाच्या फोटोत कुणी पाहिलं असेल, आणि त्यातही ती हललेली आहे. बसवंतराव म्हणाले, कड्यांनी स्लॅबला पाझर लागतो. मग म्हणाले, आता तू मोठी झालीस. मग म्हणाले, लोक काय म्हणतील. तीन कारणं दिली म्हणजे एकही खरं नव्हतं. खरं इतकंच होतं की नवं घर त्यांना कोऱ्या वहीसारखं ठेवायचं होतं.

पोरीनं महिन्याभरानं पंख्याच्या हुकाला अव्वाची म्हणजे आईची साडी बांधली. बसवंतराव दुकानातून आले, पोतं कापायची सुरी हातातच होती, त्यांनी साडीची गाठ कापली. मारलं नाही, रागावलेही नाहीत. पोरही रडली नाही. घडी घालून साडी आईला दिली आणि अभ्यासाला बसली. तेव्हापासून ती अशी अभ्यासाला बसली की बारावीला बोर्डात आली, पुण्याला गेली, आणि ह्या घरात परत कधी धावलीच नाही.

"पाड रे भोक," बसवंतराव मुंजाजीला म्हणाले. त्याचा हात सोडला.

पण खरी अडचण पुढंच होती. पुण्याहून लवंगीच्या खाण्याची पिशवी आधी आली. चन्नबसम्मांनी ती हातभर लांब धरली.

"ह्यात काय हाय?"

बसवंतरावांनी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं. "धान्य हाय. आन... बाकीचं हाय."

"बाकीचं म्हंजी?"

"कोंबडी."

"दिसंना तर."

"वाळवून, दळून..."

चन्नबसम्मांनी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली, पाय धुतले आणि निकाल दिला. "मांजर येऊ दे. पोटची पोर तिला जीव लावायलीय, मी काय न्हाई म्हणावं? पण गळ्यात लिंग हाय माझ्या. ह्या चुलीच्या घरात हे शिजणार न्हाई, वाढलं जाणार न्हाई. आमी खाऊ ते खाईल."

त्रिवेणीला विचारलं तर ती म्हणाली, "अप्पा, वरण-भातावर मरंल ती. मग नाशिकच बरं." त्या 'नाशिक' शब्दानं बसवंतरावांची झोप उडाली. दोन दिवस राहिले दूर, पोर दारातनंच परत जायची.

ते बोळ ओलांडून दत्तराव गुरुजींकडं गेले. दत्तराव म्हणजे त्रिवेणीचे चौथीचे मास्तर. घर शेजारीच, मध्ये दोन हातांचा बोळ. ओट्यावर पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी पेपराची घडी घातली.

"म्हणजे शेठ, राहायला तुमच्याकडं, जेवायला आमच्याकडं?"

"तसंच काहीसं."

"तुमच्या वडलांना आमच्या माठातलं पाणी प्यायला आख्खा जन्म पुरला न्हाई. आन ह्या मांजराला पंधरा दिवसांत दावत?"

बसवंतरावांनी मान खाली घातली. "म्हातारा चुकला, गुरुजी. मी पण कुठं लवकर सुधारलो."

"सुधारलात म्हणून तर चेष्टा करायलोय. न्हाई तर केली असती का?" दत्तराव हसले आणि आत बघून ओरडले, "आवो, ऐकलं का? आपल्याकडं खानावळ लागली!"

आतून कुसुमबाईंचा आवाज आला. "येऊ द्या! पर अंडं उकडून खाती का कच्चं, ते इचारा!"

पण लवंगीला बाहेर मोकळी सोडायची नव्हती. मग दोघा म्हाताऱ्यांनी जे केलं, ते बघायला गंगाखेडची माणसं एसटीनं आली म्हणतात. बसवंतरावांच्या खिडकीपासून दत्तरावांच्या खिडकीपर्यंत, बोळाच्या वरून, लोखंडी पट्ट्या आणि जाळीचा बोगदा. मांजरानं आपल्या घरून निघावं, बोळ ओलांडावा, गुरुजींकडं जेवावं आणि तोंड पुसून माघारी यावं. चन्नबसम्मांनी अट घातली की आल्यावर तिचं तोंड मी पुसणार. झरीत तेव्हा रस्त्याला खड्डे होते, पण मांजराला उड्डाणपूल होता.

एकोणीस तारखेला सगळं झालं. बसवंतराव खोलीच्या मध्यभागी उभे राहिले आणि त्यांना काही तरी राहिल्यासारखं वाटायला लागलं. फळ्या झाल्या, जाळ्या झाल्या, खाणं झालं. बियाण्याच्या माणसाला पेरणी झाल्यावर पिशवी झटकायची सवय असते. तळाशी काही राहिलं का बघायची.

आणि त्यांना पुडी आठवली.

बीटी कापसाच्या पिशवीबरोबर एक छोटी पुडी यायची. साधं बी. शेताच्या कडेनं, बांधालगत, त्याच्या ओळी लावायच्या. कशाला? तर अळीनं खायला. तिच्या वाट्याचं तिला मोकळं सोडायचं, म्हणजे ती हट्टाला पेटत नाही, मधल्या पिकावर उलटत नाही. पण जागा कोण वाया घालवणार? लोक विचारायचे, "शेठ, ह्या पुडीचं काय करू?" आणि बसवंतराव स्वतः सांगायचे, "टाक नालीत." सगळ्यांनी टाकली. मग एके वर्षी बोंडअळी आली, ती गेलीच नाही.

बसवंतराव खाली बसले. इतकी वर्षं लोकांच्या पुड्या नालीत टाकल्या त्या टाकल्या. घरातली पण टाकली. एक ओळ. घराच्या कडेला, नासायला, धावायला, भोक पाडायला, एक ओळ सोडली असती तर पोर पाच दिवाळ्या पुण्यात काढती का?

ते उठले आणि मुंजाजीच्या घरी चालत गेले.

"आता काय?"

"मशीन घे. स्लॅबला भोक पाडायचंय."

"स्लॅबला? शेठ, मांजर छताला उलटं चालतंय का?"

"हायब्रीड हाय," बसवंतराव म्हणाले. "त्याचं काय सांगावं."

वीस तारखेला दुपारी गाडी आली. त्रिवेणी उतरली. केस आखूड केले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि उतरताना ती आधी पिशवीतल्या मांजराकडं बघत होती. बसवंतरावांनी तिच्याकडं बघून घेतलं तेवढ्यात, पोटभर.

"आलीस?"

"आले. तब्येत?"

"बरीय."

पुढं पावसाचं विचारायचं राहिलं, कारण दत्तराव ओट्यावरून ओरडले, "त्रिवेणी, पाढे येतात का अजून?" आणि ती हसली.

मग तिनं घर तपासलं. फळ्या हलवून बघितल्या, जाळ्या ओढून बघितल्या, बोगद्यात डोकं घालून आली. भिंतीतल्या भोकांपाशी मात्र जरा थांबली, एकावर बोट ठेवलं. बसवंतराव मागं मागं, परीक्षा देणाऱ्यासारखे.

"सोडू?" तिनं पिशवीची चेन उघडली.

लवंगी बाहेर आली. सोन्यासारखं अंग, त्यावर ठिपके, गळ्यात घुंगरू. तिनं एकदा चहूकडं पाहिलं आणि सरळ लोखंडी पेटीखाली जाऊन बसली.

संध्याकाळ झाली, निघेना. दुसरा दिवस उजाडला, निघेना. कुसुमबाईंनी पलीकडून वाटी वाजवली, निघेना. ही म्हणे नळ उघडते! बसवंतराव पेटीपुढं पालथे पडून विनवण्या करत होते. "ये गं बाई. फळ्या धुतल्यात. सात पाण्यानं धुतल्यात." आतून दोन पिवळे डोळे. उगवण शून्य.

"तिला नवी जागा आवडली न्हाई वाटतं," त्रिवेणी हळू म्हणाली. "अप्पा, तुमी लय केलंत. पण... मी नाशिकला विचारून ठेवते."

बसवंतराव उठून बसले, गुडघे झटकले. वर बघितलं फक्त. आणि ते वर का बघतायत म्हणून त्रिवेणीनंही वर बघितलं.

स्लॅबला दोन कड्या होत्या. नव्या, चकचकीत.

"ह्या कशाला?"

"त्या हायब्रीडसाठी."

"मांजराला झोका लागत न्हाई, अप्पा."

"मला काय ठाऊक. तू म्हणलीस उड्या मारती." त्यांनी कपाटामागून दुकानाच्या गल्ल्याची फळी काढली, दोर ओवलेली. लहानपणी ह्याच फळीखाली बसून ती पुड्या मोजायची. "लावली नव्हती अजून. म्हणलं, बघावं."

त्यांनी स्टूल ओढलं, पण हात पुरेनात. त्रिवेणी चढली. दोन्ही दोर तिनंच बांधले, गाठ दोनदा ओढून बघितली. चन्नबसम्मा दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांना आज टोमणा सापडत नव्हता.

त्रिवेणी बसली. आधी नुसती बसली. मग पायानं जरा रेटलं. फळी करकरली. खोली एवढीशी, चौथ्या झोक्याला तिचे पाय समोरच्या भिंतीला लागले, तिनं भिंतीलाच रेटा दिला आणि पांढऱ्या रंगावर धुळीचं आख्खं पाऊल उमटलं. ती दचकली. बसवंतरावांकडं बघितलं, अकरा वर्षांची असल्यासारखं.

"मार अजून एक," बसवंतराव म्हणाले. "उजवा राहिला."

घुंगरू वाजलं. हलता दोर बघून पेटीखालून ठिपक्यांची वीज सुटली. पहिल्या फळीवर, तिसरीवर, तिथून दोरावर, दोरावरून त्रिवेणीच्या खांद्यावर. मग जे झालं त्यात दोन कपबश्या आणि खुर्चीतलं घड्याळ गेलं. घड्याळ पडताना चार वाजले होते. अजून तेच वाजलेत.

तिसऱ्या दिवशी त्रिवेणी गेली. लवंगी राहिली.

दिवाळीआधी रंगारी आला. बसवंतरावांनी सगळं घर रंगवून घेतलं, फक्त ती दोन पावलं सोडून. रंगारी म्हणाला, "डाग राहिलाय, शेठ." बसवंतराव म्हणाले, "बांध हाय तो. तिथं नांगर घालायचा न्हाई."

फोन आता जर्मनीहून येतो, रविवारीच, पण आधी अप्पांना. एका रविवारी तिनं विचारलं, "लवंगी काय करायलीय?"

लवंगी बोगद्यातून गुरुजींकडं अंडं खायला गेलेली. तिथं थंडी लय हाय, चार वाजताच अंधार पडतो, असं पोर नुकतंच सांगत होती, आणि तिचा आवाज बारीक झाला होता. बसवंतरावांनी फोन झोक्याजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं फळी ढकलली. कर्र. कर्र.

"झोक्यावर हाय बघ. ऐक."



"अप्पा, घुंगरू वाजंना."

चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला न सापडलेला माणूस सापडला.

"मग कोण हाय झोक्यावर?"

बसवंतरावांनी भिंतीवरच्या पावलांकडं बघितलं. "कुणी न्हाई गं," ते म्हणाले. "मोकळाच हाय."

त्यांनी हात थांबवला. फळी हळूहळू थांबायला लागली.

"थांबू नका," त्रिवेणी म्हणाली. "हलवत ऱ्हावा. मी ऐकायलेय."